ध्रुवीय अस्वल नक्की काय खातं हे शोधून काढतात कसं?

ईशा_झू

नमस्कार मंडळी. एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात सेमिनार आहे आणि विषय घेतलाय ध्रुवीय अस्वलांचा आहार. घेताना वाटलं सोपं आहे, अस्वल सील खातं, दहा स्लाइड झाल्या. पण वाचायला बसले तर एका पेपरमध्ये सील, दुसऱ्यात हंस आणि त्यांची अंडी, तिसऱ्यात समुद्री शेवाळ, गवत, बेरी, रेनडिअर, आणि एका ठिकाणी तर चक्क डॉल्फिन. म्हणजे सगळे एकाच प्राण्याबद्दल बोलतायत का असंच वाटायला लागलं.

माझा खरा प्रश्न असा की हा प्राणी बर्फावर शेकडो किलोमीटर भटकतो, हिवाळ्यात तिथे महिनोन् महिने अंधार असतो, मग तो काय खातो हे बघतं कोण आणि कसं? आणि एवढी वेगवेगळी उत्तरं येत असतील तर विश्वास कोणत्या पद्धतीवर ठेवायचा? मी एक व्हिडिओ पण बघितला, अस्वल झुडपाला तोंड लावून बेरी ओरबाडून खातंय, आणि खाली लोक लिहितायत की बघा, बर्फ वितळला तरी यांचं भागेल. सेमिनारमध्ये हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. कुणी या प्रकारचं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, गाइडनी सांगितलंय की फक्त यादी नको, पद्धतींवर बोल.

पाऊलखूण

ईशा, चांगला विषय घेतलायस आणि गोंधळ झाला हे पण बरं झालं, कारण या विषयाची सुरुवातच त्या गोंधळातून होते.

मी ध्रुवीय अस्वलांवर काम केलेलं नाही, पण मांसभक्षी प्राण्यांच्या विष्ठेवर सहा वर्षं काम केलंय, त्यामुळे त्या बाजूने सांगतो. काम असं असतं की गोळा केलेली विष्ठा बारीक जाळीच्या चाळणीत धरायची आणि वाहत्या पाण्याखाली धुत राहायची. माती, चिकट भाग सगळं निघून जातं आणि चाळणीत उरतात केस, हाडाचे तुकडे, नखं, पिसं, दात, बिया, पानांच्या शिरा. मग ते वाळवायचं, केस वेगळे काढायचे, स्लाइडवर घ्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली केसावरच्या खवल्यांची नक्षी आणि आतल्या गाभ्याची रचना ओळखीच्या प्राण्यांच्या केसांशी जुळवत बसायचं. डोळे दुखतात पण एकदा नजर बसली की केस बघून प्राणी सांगता येतो.

आता यातली गंमत बघ. चाळणीत काय उरतं? जे पचलं नाही ते. आणि ध्रुवीय अस्वलाला सगळ्यात जास्त काय हवं असतं? सीलच्या कातडीखालचा चरबीचा थर, ज्याला ब्लबर म्हणतात. तो अस्वलाच्या पोटात जवळजवळ पूर्ण पचतो, ९७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अस्वलाने आठवडाभर पोटभर ब्लबर खाल्लं तरी माझ्या चाळणीत त्याचा पुरावा काय, तर कातडीबरोबर गेलेले चार केस, ते पण असले तर. आणि त्याच अस्वलाने एक दिवस गवत आणि शेवाळ चघळलं की अख्खी विष्ठा गवताने भरलेली. तेव्हा विष्ठेत काय जास्त दिसतं याचा अर्थ अस्वल त्यावर जगतं असा घेतला की फसलीस.

कॅनडातल्या हडसन बे च्या पश्चिम किनाऱ्यावर २००६ ते २००८ मध्ये असं काम झालं, विष्ठा हुंगून शोधणारा प्रशिक्षित कुत्रा सोबत घेऊन. त्यांच्याकडे तुलनेला १९६० च्या दशकाच्या शेवटी त्याच भागात गोळा केलेल्या विष्ठेचे निष्कर्ष होते, त्यामुळे हिमहंस, अंडी, कॅरिबू (म्हणजे तिकडचं रेनडिअर) हे आता जास्त खाल्लं जातंय हे त्यांना दाखवता आलं. हे काम मला स्वतःला फार आवडतं, कारण कुठलाही प्राणी न पकडता, बेशुद्ध न करता झालंय. पण लक्षात ठेव, ती विष्ठा जमिनीवर गोळा केलेली आहे, म्हणजे बर्फ नसतानाच्या महिन्यांची. बर्फावर टाकलेली विष्ठा बर्फाबरोबर समुद्रात जाते, ती कुणाच्याच चाळणीत येत नाही.

ध्रुवतारा

पाऊलखूण यांनी अगदी नेमकं सांगितलं, मी त्याच्या पुढचं सांगते, कारण मी चरबीवाली आहे. म्हणजे समुद्री प्राण्यांच्या चरबीतली फॅटी ॲसिड, चरबी ज्या कार्बनच्या साखळ्यांची बनते त्या, मोजायचं काम करते, आमच्याकडे मासे असतात, अस्वलं नाही, पण मशीन आणि पद्धत तीच.

विष्ठेत ब्लबर दिसत नाही, मग ते जातं कुठे? अस्वलाच्या अंगावर. आणि इथेच निसर्गाने आपल्यावर उपकार केलेत. गायीगुरांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातले जंतू खाल्लेल्या चरबीची मोडतोड करून तिचं रूपच बदलून टाकतात, पण अस्वलाचं पोट साधं, एका कप्प्याचं. त्यामुळे १४ किंवा जास्त कार्बनच्या लांब साखळ्या बऱ्याचशा जशाच्या तशा अस्वलाच्या चरबीत जाऊन बसतात. सीलच्या चरबीची जी ओळख तीच थोड्या फरकाने अस्वलाच्या चरबीत. रिंग्ड सील पाण्यात वरच्या थरातले मासे खातो, आर्क्टिक कॉड वगैरे, आणि दाढीवाला बिअर्डेड सील समुद्राच्या तळाशी शिंपले, खेकडे उकरून खातो, त्यामुळे दोघांच्या चरबीचा ठसा वेगळा. वॉलरसचा वेगळा, बेलुगा व्हेलचा वेगळा.

नमुना किती लागतो माहितीये? हेलिकॉप्टरमधून डार्ट मारून अस्वल झोपवतात, मग शेपटीजवळ, मागच्या पुठ्ठ्यावर ६ मिलिमीटर व्यासाचा गोल पंच दाबून आत चरबीपर्यंत एक बारीक दांडी काढतात, पेन्सिलीएवढी जाड. बस. काही ठिकाणी तर झोपवत पण नाहीत, असा डार्ट मारतात जो आपटून केस, कातडी आणि चिमूटभर चरबी घेऊन खाली पडतो, अस्वल पुढे निघून जातं आणि माणसं जाऊन डार्ट उचलून आणतात.

तो तुकडा लॅबमध्ये आला की क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये चरबी विरघळवायची, तिचे मिथाइल एस्टर करायचे आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, सोडायचे. मग स्क्रीनवर एकेक शिखर उमटत जातं, ७० च्या आसपास फॅटी ॲसिड वेगळी होतात, ओमेगा थ्रीतलं डीएचए बरंच शेवटी येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती नुसती डोंगररांग वाटते पण रोज बघणाऱ्याला शिखरांच्या उंचीवरून कळतं की हा प्राणी कुठल्या अन्नसाखळीतला आहे. नमुना मात्र जपावा लागतो. आमच्याकडे एकदा रात्रीत फ्रीझर बंद पडला, सकाळी झाकण उघडलं तर खवट वास, आणि मशीनवर टाकल्यावर डीएचएचं शिखर पार खाली आलेलं, कारण हवेने आधी तीच फॅटी ॲसिड खराब होतात. दोन महिन्यांचं काम गेलं. आर्क्टिकमध्ये फिरणाऱ्या लोकांना निदान थंडीची काळजी नाही!

आता या शिखरांवरून टक्केवारी कशी काढतात तर ती पद्धत २००४ मध्ये सारा आयव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ज्या ज्या भक्ष्याची शक्यता आहे त्या सगळ्यांच्या चरबीची एक लायब्ररी तयार करायची आणि मग कॉम्प्युटरला विचारायचं की यांचं कोणतं मिश्रण केलं तर या अस्वलाच्या चरबीच्या सगळ्यात जवळ जाईल. त्यात एक सुधारणा करावी लागते, कारण प्राण्याचं शरीर काही फॅटी ॲसिड स्वतः बनवतं, काही जाळतं. हा फरक मोजायला जंगली अस्वलाला ठरावीक अन्न देऊन बसवता येत नाही ना, म्हणून मिंक नावाच्या छोट्या मांसाहारी प्राण्यावर प्रयोग झाले आणि ते आकडे अस्वलाला लावले. सेमिनारमध्ये हे सांगच, पद्धतीचा नाजूक सांधा हा आहे.

२००८ साली या पद्धतीने कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या १७३८ अस्वलांचा आहार काढला, सुमारे तीस वर्षांत जमलेले नमुने. बहुतेक ठिकाणी रिंग्ड सीलच मुख्य, पण कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या डेव्हिस सामुद्रधुनीत हार्प सील पुढे. आणि ही लायब्ररी किंवा अस्वलांचे नमुने काही सगळे शास्त्रज्ञांनी एकट्याने जमवलेले नाहीत. बरेचसे इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी शिकाऱ्यांकडून आलेत, ते पिढ्यान् पिढ्या उपजीविकेसाठी शिकार करतात आणि मारलेल्या प्राण्याच्या चरबीचा तुकडा संशोधनाला देतात. त्यांच्याशिवाय हा विषय उभाच राहिला नसता असं माझं प्रामाणिक मत आहे.

ईशा_झू

बापरे, दोघांनाही मनापासून थँक्यू, हे एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं. मग एक बेसिक प्रश्न, गाइडनी आयसोटोपवर एक स्लाइड टाकायला सांगितलीये, ते चरबीपेक्षा वेगळं काय सांगतं? आणि नुसतं डोळ्याने बघून कुणी अभ्यास केलाच नाही का?

पाऊलखूण

केलाय की. १९७० च्या दशकात इयन स्टर्लिंग आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या डेव्हन बेटावर एका उंच कड्यावर तळ ठोकून बसायचे आणि खालच्या गोठलेल्या खाडीवरची अस्वलं दुर्बिणीतून बघायचे. उन्हाळ्याकडे तिथे चोवीस तास उजेड, म्हणून पाळ्या लावून अखंड बघता यायचं. श्वासासाठी सील जिथून वर येतो त्या भोकापाशी अस्वल न हलता किती वेळ पडून राहतं, सील मिळाला की आधी काय खातं, हे सगळं तिथून कळलं. पोट भरलेलं अस्वल कातडी आणि ब्लबर खाऊन मांस तसंच टाकून निघून जातं, मागून कोल्हे आणि तरुण अस्वलं येऊन उरलेलं साफ करतात. म्हणजे मेलेला सील बघून अस्वलाने "सील खाल्ला" असं लिहिणं पण अर्धवटच.

मांस का टाकतं तर प्रोटीन पचवलं की युरिया होतो, तो बाहेर टाकायला पाणी लागतं, आणि तिथे पाणी म्हणजे बर्फ खाऊन अंगाच्या उष्णतेवर वितळवायचा. चरबी जाळली की उलट पाणी मिळतं. प्राणिसंग्रहालयातल्या ध्रुवीय अस्वलांना स्वतः निवडायला दिलं तेव्हा पण त्यांनी जास्त चरबी आणि कमी प्रोटीनच निवडलं.

ध्रुवतारा

आयसोटोपचं सांगते. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार. नायट्रोजनचा जड आयसोटोप अन्नसाखळीत प्रत्येक पायरीला थोडा थोडा वाढतो, साधारण हजारात तीन भाग, म्हणून कोण किती वरच्या पायरीवर खातंय ते कळतं. कार्बनवरून अन्न समुद्रातलं की जमिनीवरचं हे कळतं. केस, रक्त, काही चालतं आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. रक्तातला प्लाझ्मा अलीकडच्या आठवड्यांचं सांगतो, तांबड्या पेशी काही महिन्यांचं, आणि केस तो वाढत होता त्या ऋतूचं, कारण एकदा वाढला की त्यात बदल होत नाही.

पण इथे पण तोच ब्लबरचा चकवा आहे बरं का. चरबीत नायट्रोजन नसतोच! मग जो प्राणी मुख्यतः चरबी खातो त्याचा नायट्रोजन बघून तू फक्त त्याने खाल्लेल्या प्रोटीनबद्दल बोलतेयस. एखादी मादी वसंतात सीलच्या ब्लबरवर जगली आणि उन्हाळ्यात हंसाची अंडी खाल्ली तर नायट्रोजन अंड्यांकडे झुकलेला दिसणार, जरी तिच्या अंगावरचं वजन सगळं सीलचं असलं तरी. म्हणून आता मॉडेलमध्ये भक्ष्याचं चरबी आणि प्रोटीनचं प्रमाण वेगवेगळं घालतात. जुना पेपर वाचताना हे केलंय का ते आधी बघ.

कुतूहल

मी या क्षेत्रातला नाही पण धागा वाचून राहवलं नाही. ईशाने बेरीचा विचारलेला मुद्दा बाजूलाच राहिला. अस्वल जर बेरी, अंडी, रेनडिअर खाऊ शकतं तर हळूहळू जुळवून घेईल असं म्हणणं चूक का? तपकिरी अस्वलं तर जमिनीवरच जगतात ना. मला खरंच समजून घ्यायचंय.

ध्रुवतारा

कुतूहल, प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर विष्ठा, चरबी, आयसोटोप या तिघांपैकी कुणीच पूर्ण देत नाही, कारण खाल्लं हे कळणं वेगळं आणि त्यात भागलं का हे कळणं वेगळं. त्यासाठी खर्च पण मोजावा लागतो.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे अँथनी पगानो यांनी हे केलं. २०१८ मध्ये आलेला पेपर अलास्काच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रातल्या ९ माद्यांवर आहे, वसंतातल्या, म्हणजे शिकारीच्या ऐन हंगामातल्या. गळ्यात कॅमेरावाली कॉलर, आणि शरीरात आयसोटोपची खूण केलेलं पाणी सोडायचं, काही दिवसांनी पुन्हा रक्त घेऊन ती खूण किती कमी झाली यावरून किती ऊर्जा जाळली ते काढायचं. आकडा निघाला दिवसाला सरासरी १२,३२५ किलोकॅलरी, आधी धरत होते त्याच्या १.६ पट. म्हणजे दर १० ते १२ दिवसांनी एक पूर्ण वाढलेला रिंग्ड सील हवाच, नाहीतर नुकती जन्मलेली १९ पिल्लं. आणि ८ ते ११ दिवसांत ९ पैकी निम्म्याहून जास्त माद्यांचं वजन घटलं होतं, शिकारीच्या हंगामात!

मग २०२४ मध्ये त्यांचाच दुसरा पेपर आला तो थेट तुमच्या प्रश्नावर. हडसन बे च्या पश्चिमेला, कॅनडाच्या मॅनिटोबात, बर्फ वितळल्यावर किनाऱ्यावर अडकलेली २० अस्वलं, प्रत्येकी तीन आठवडे, परत कॅमेरा आणि खुणेचं पाणी. काहींनी नुसती झोप काढली, काही बेरी, गवत, शेवाळ, पक्षी, हाडं, कॅरिबूची शिंगं जे दिसेल ते खात हिंडली, काही समुद्रात पोहत गेली, एक तर १७५ किलोमीटर. २० पैकी १९ चं वजन घटलं, दिवसाला ०.४ ते १.७ किलो. सगळ्यात महत्त्वाचं काय तर हिंडून खाणाऱ्यांचं वजन पडून राहणाऱ्यांइतकंच घटलं. बेरीतून जे मिळालं ते बेरी शोधण्यात गेलं. पोहणाऱ्यांपैकी दोघांना पाण्यात मेलेले प्राणी सापडले पण पाण्यात पोहता पोहता ते नीट खाता आले नाहीत.

ईशाने बघितलेला व्हिडिओ खोटा नाहीये. अस्वल बेरी खातंच. पण तो व्हिडिओ उपासाच्या काळातला आहे, आणि त्या व्हिडिओत ते अस्वल तेव्हा रोज किती बारीक होतंय ते दिसत नाही. तपकिरी अस्वलाचं म्हणाल तर आर्क्टिक किनाऱ्यावरची तपकिरी अस्वलं त्यांच्या इतर भाऊबंदांपेक्षा आकाराने लहान आणि संख्येने विरळ असतात, जमीन तिथे तेवढंच पोसते.

मला हे लिहिताना वाईट वाटतं खरं सांगायचं तर, पण "भागेल त्यांचं" असं बेरीकडे बघून म्हणणं हे मोजमापाशी जुळत नाही.

पाऊलखूण

+१. आणि डॉल्फिनचं राहिलं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर एप्रिल २०१४ ला एका नर अस्वलाने बर्फात कोंडलेले पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन पकडले, एक खाल्ला आणि दुसरा चक्क बर्फाने झाकून ठेवत होता. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या यॉन आर्स यांनी नोंदवलंय. रेनडिअरची शिकार पण तिथलीच, २०२० मध्ये चित्रित झालेली. या नोंदी खऱ्या आहेत पण प्रसंग आहेत, आहार नव्हे. स्लाइडवर वेगळ्या रंगात टाक.

शिवाय एक छोटी गोष्ट, मला फार भावलेली. २०१४ मध्येच स्वालबार्डमध्ये अस्वलाच्या पावलाच्या ठशातला बर्फ खरवडून त्यातून डीएनए काढला, त्यात अस्वलाचा तर होताच, शिवाय सीलचा आणि कुरव पक्ष्याचा पण सापडला. जेवून उठलेल्या प्राण्याचं पाऊल.

ईशा_झू

हे तर मी पहिल्या स्लाइडवरच टाकणार. शेवटचा प्रश्न, सॉरी खूप विचारतेय, त्या कॅमेरा कॉलरच्या २०१८ च्या पेपरमध्ये सगळ्या माद्याच का? नरांचं काय? गाइड हे नक्की विचारणार.

ध्रुवतारा

सॉरी कशाला, विचार. मोठ्या नराची मान डोक्यापेक्षा जाड असते, कॉलर घातली की डोक्यावरून सरकून पडते. म्हणून हालचालींची बहुतेक सगळी माहिती माद्यांची आहे, ही या विषयातली मोठी फट आहे. नरांसाठी चरबीचाच आधार. आणि चरबी सांगते की मोठे नर बिअर्डेड सील जास्त खातात, कारण तो सील रिंग्डच्या कितीतरी पट जड, त्याला बर्फावर ओढून काढायचं तर तेवढी ताकद हवी. म्हणजे "ध्रुवीय अस्वल काय खातं" यावर आधी हेच विचारायचं की नर की मादी, वय काय, कुठल्या समुद्रातलं आणि कुठल्या महिन्यातलं. तुझ्या स्लाइडवरच्या प्रत्येक आकड्यापुढे या चार गोष्टी आणि कोणत्या ऊतीतून काढला ते लिही, मग कुणी काही विचारू दे.

आणि सेमिनार झाला की इथे येऊन सांग काय काय विचारलं ते.